बॉबिन शेडमधले आठ बल्ब

फोटोची प्लेट धुऊन खिडकीशी धरली तेव्हा पहिल्या चार रांगा स्पष्ट दिसत होत्या. त्यांच्या मागे कोरी काच होती. निगेटिव्हवर कोरी काच म्हणजे कागदावर छापल्यावर काळं. पावणेतीनशे माणसांचा फोटो काढला होता आणि त्यातली दोनशेच्या वर माणसं काळ्यात गेली होती.

हा फोटो अंबरनाथच्या एका बॉबिनच्या कारखान्याचा. बॉबिन म्हणजे गिरणीत सूत गुंडाळतात ती लाकडी रीळ. कारखान्याचा वर्धापनदिन होता. सगळे कामगार मोठ्या शेडमध्ये जमवले होते आणि मी एका टेबलावर कॅमेरा चढवून, कॅमेऱ्याला लावलेला एकच फ्लॅशबल्ब पेटवून फोटो घेतला होता. त्या वेळी आमच्याकडे सगळे असंच करायचे.

माझा स्टुडिओ उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये होता. स्टुडिओ म्हणजे लष्कराने सोडलेल्या बराकीतली अर्धी खोली. मी राहायला बदलापूरला, रोज सायकलने येत असे. धंदा मुख्यतः निर्वासितांच्या कागदपत्रांना लागणाऱ्या छोट्या फोटोंचा. पांढरा पडदा, एक खुर्ची, समोर दोन दिवे. मोठ्या शेडमध्ये उजेड कसा करायचा हे मला येत नव्हतं. ते न येणं मोठ्या कारखान्याच्या ऑर्डरच्या आनंदात मी विसरलो होतो.

मॅनेजर बापट साहेबांना फोटो पसंत पडला. पुढच्या चार रांगांत सगळे ऑफिसर, क्लार्क आणि पाहुणे होते. मागचं काळं त्यांनी पाहिलं आणि शेड अंधारीच आहे म्हणाले. एक प्रत फ्रेम करून ऑफिसात लावली, एक मुंबईला शेठकडे पाठवली. माझ्या दृष्टीने काम संपलं.

पुढच्या रविवारी सकाळी एक बाई स्टुडिओत आल्या. चाळिशीच्या, हिरवं लुगडं, हातात चपला. अंबरनाथच्या बुवापाड्याहून चालत आल्या होत्या. नाव भागीरथीबाई. बॉबिनच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या, म्हणजे तयार बॉबिनी मोजून खोक्यात भरायच्या. ऑफिसातला फोटो त्यांनी दारातून पाहिला होता, आत जायला संकोच वाटला, म्हणून माझ्याकडे आल्या. मी प्रत काढून टेबलावर ठेवली.

त्यांनी ती बराच वेळ पाहिली. मग विचारलं, "दादा, यान मी कुठं हाय?"

मी बोट फोटोच्या वरच्या काळ्या भागावर नेलं. तुम्ही इथे आहात, पण उजेड तिथपर्यंत पोचला नाही, असं सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्या दिवशी नवीन लुगडं नेसले होते, एवढंच म्हणाल्या. लेक शहापूरकडे दिली होती, तिला आई काम करते ती जागा दाखवायची होती. पाणी प्यायल्या आणि गेल्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर दोन दिवसांनी बापट साहेबांचा निरोप आला. मी गेलो. टेबलावर शेठला पाठवलेला फोटो परत आलेला होता. मागच्या बाजूला शेठनी पेन्सिलीने गुजरातीत एक ओळ लिहिली होती. बापटांनी ती वाचून दाखवली. बाकीची माणसं कुठे आहेत, असं विचारलं होतं.

शेठ म्हातारे होते आणि मुंबईला इस्पितळात होते. ती शेड त्यांनी उभी केली होती. छताखालून एक लांब लोखंडी शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खाली लाकूड कातायच्या एकेका लेथवर यायचे. हे सगळं आता निघणार होतं, त्या जागी मोटरवर चालणारी नवीन मशिनं बसणार होती. शेठना फोटो हवा होता तो ती जुनी शेड जाण्याआधीचा, प्रत्येक माणूस आपापल्या जागेवर उभा असलेला. इस्पितळातून उठून ते पाहायला येण्यासारखे नव्हते.

"सोमवारपासून शाफ्ट उतरवणार," बापट म्हणाले. "म्हणजे तुमच्याकडे येता रविवार आहे. जमेल का ते आत्ता सांगा. नाहीतर मुंबईहून माणूस बोलावतो."

जमेल, असं मी सांगितलं. मग सायकलवरून परत येताना कसं जमेल याचा विचार सुरू केला.

आता थोडं उजेडाबद्दल सांगायला हवं. दिव्यापासून दुप्पट लांब गेलं की उजेड निम्मा होतो असं आपल्याला वाटतं. तो निम्मा नाही, चौथाई होतो. तिप्पट लांब गेलं की नववा हिस्सा उरतो. म्हणजे कॅमेऱ्यावरच्या बल्बने दहा फुटांवरचा माणूस छान दिसत असेल, तर तीस फुटांवरच्या माणसाला त्याचा नववा भागच मिळतो, आणि नव्वद फुटांवर जवळजवळ काहीच मिळत नाही. शेड एकशे दहा फूट लांब होती. एका जागेवरून कितीही मोठा दिवा लावला असता तरी पुढचे चुन्यासारखे पांढरे आणि मागचे काळे, हेच झालं असतं. उपाय एकच होता. दिवे कॅमेऱ्यापासून सोडवायचे आणि माणसांजवळ न्यायचे. शेडभर ठरावीक अंतरावर बल्ब लावायचे, खांबांच्या आड, म्हणजे बल्ब स्वतः फोटोत दिसणार नाहीत, आणि सगळे एका क्षणी पेटवायचे.

फ्लॅशबल्ब त्या वेळी अंड्याएवढा असायचा. आत अॅल्युमिनियमचा बारीक चुरगळलेला वर्ख आणि प्राणवायू. बॅटरीचा करंट मिळाला की वर्ख एकदम जळतो, लख्ख उजेड पडतो आणि बल्ब संपतो. एक बल्ब, एक फोटो. मुंबईच्या दुकानदाराकडे एकाच मेकचे बाराच बल्ब उरले होते. पुढचा माल बोटीने यायचा होता. बाराही घेतले.

माझ्या शेजारच्या बराकीत लीलाराम होता. सिंधमधल्या सक्करचा. तिकडे सिनेमाच्या मशीनवर काम केलेला माणूस, इकडे येऊन लॉऱ्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचा. मी त्याला कागदावर शेडचा नकाशा काढून दाखवला. त्याने विचारलं, किती दिवे, किती लांब वायर. मी नऊ म्हटलं. दोन पुढे कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना, सहा मधल्या खांबांवर डावीकडे-उजवीकडे आलटून पालटून, आणि एक अगदी शेवटी, पॅकिंगच्या कोपऱ्यात.

लीलारामने दोन दिवसांत सामान जमवलं. लष्कराच्या भंगारातली जाड रबरी वायर. मोटारीच्या मागच्या लाल दिव्याचे होल्डर, कारण आमचे बल्ब त्यात बरोबर बसायचे. दोन लॉरीच्या बॅटऱ्या. उजेड एका दिशेला फेकायला होल्डरच्या मागे अॅल्युमिनियमच्या थाळ्या, मधोमध भोक पाडून. सगळे बल्ब त्याने एका माळेत जोडले. माळेचा फायदा म्हणजे सगळ्यांना करंट एकदम जातो. तोटा म्हणजे एक जोड जरी सुटला तरी एकही पेटत नाही. तीन बल्ब आम्ही बराकीमागच्या मोकळ्या जागेत चाचणीला जाळले, प्लेटवर किती उजेड येतो ते ठरवायला. उरले नऊ. लागणार होते नऊ.

शुक्रवारी जागा पाहायला गेलो तेव्हा फोरमन साळवी आडवे आले. पन्नाशीचे गृहस्थ, बोलणं कमी. डाव्या कानापासून मानेपर्यंत भाजल्याची जुनी खूण. शेडमध्ये पहिल्या वेळी मी जे काही पेटवलं तेव्हा ते रजेवर होते, आणि असते तर पेटवू दिलं नसतं, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग मला हाताला धरून एका लेथजवळ नेलं आणि छताच्या तुळईवर काठी मारली. वरून पिठासारखा भुसा खाली आला आणि हवेत तरंगत राहिला.

लाकडाचा बारीक भुसा हवेत उडत असताना ठिणगी पडली तर फटाक्याच्या दारूसारखा भडका होतो. साळवी तरुणपणी एका लाकडाच्या वखारीत होते. तिथे एका फोटोग्राफरने फ्लॅशची पूड पेटवली होती. बल्ब यायच्या आधी ती पूड उघड्यावर पेटवत असत. मानेवरची खूण त्या दिवसाची होती. त्यांच्याबरोबर असलेला माणूस वाचला नव्हता.

मी बल्ब काढून दाखवला. यात सगळं काचेच्या आत जळतं, वर लाखेसारखा थर आहे, काच तडकली तरी तुकडे उडू नयेत म्हणून. साळवींनी तो हातात फिरवून पाहिला. "आणि फुटलाच तर?"

क्वचित फुटतो, असं मी म्हणालो. खोटं सांगण्यात अर्थ नव्हता.

ते विचार करून म्हणाले, शनिवारी दुपारपासून मशिनं बंद ठेवतो. तुळया झाडून घेतो, जमीन ओली करतो. प्रत्येक दिव्याला बारीक जाळी लागेल. प्रत्येक खांबाशी पाण्याची आणि वाळूची बादली राहील. एवढं होणार असेल तर काढा.

शनिवारी सगळा कारखाना झाडायला लागला. तोंडाला फडकी बांधून माणसं शिडीवर चढली होती. मी आणि लीलारामने वायर टाकली, जाळ्या बांधल्या. साळवी प्रत्येक जाळी ओढून पाहत होते. दोन त्यांनी परत बांधायला लावल्या.

रविवारी दुपारी दोनची वेळ ठरली होती. सकाळी अकराला मी बल्बचं खोकं उघडलं आणि एकेक पुसायला घेतला. प्रत्येक फ्लॅशबल्बच्या आत एक निळा ठिपका असतो. तो नुसता शोभेचा नाही. काचेला केसाएवढी जरी चीर गेली आणि बाहेरची दमट हवा आत शिरली तर तो ठिपका गुलाबी होतो. गुलाबी ठिपक्याचा बल्ब लावायचा नसतो, तो फुटण्याची शक्यता असते.

सातव्या बल्बचा ठिपका गुलाबी होता.

मी तो खिडकीशी नेऊन पाहिला. लीलारामला दाखवला. त्याने तो रुमालात गुंडाळून बाजूला ठेवला. म्हणजे आठ उरले.

बापट साहेब तेवढ्यात आले. काय झालं ते मी सांगितलं. त्यांनी रुमाल उघडून बल्ब पाहिला. एवढ्याशा ठिपक्याने काय होतं, चालून जाईल, असं त्यांचं म्हणणं पडलं. साळवी जवळच उभे होते. ते बापटांशी बोलले नाहीत. मला विचारलं, "फुटेल?"

"फुटेलच असं नाही. पण फुटू शकतो."

"मग तुम्ही सांगा काय करायचं ते."

निर्णय माझ्यावर आला. मी म्हटलं, हा लावणार नाही. बापटांनी घड्याळ पाहिलं. ठीक आहे, मग आठांत भागवा, शेवटचा तो पॅकिंगच्या कोपऱ्यातला राहू द्या, असं म्हणाले. तिथे सहा-सात बायका तर असतात. त्यांना इकडे कुठेतरी उभं करा.

इकडे उभं करायला जागा नव्हती, हे एक. शेठनी प्रत्येक माणूस आपल्या जागेवर मागितला होता, हे दुसरं. आणि तिसरं मी बोललो नाही. मी कोपऱ्याकडे पाहिलं. भागीरथीबाई खोक्यांजवळ उभ्या होत्या. गेल्या रविवारचंच हिरवं लुगडं होतं. माझ्याकडे बघत नव्हत्या. केस नीट करत होत्या.

मी बापटांना म्हणालो, पुढे दोन दिवे आहेत, त्यातला एक काढतो.

पुढे बापट, इतर ऑफिसर आणि शेठचे जावई खुर्च्यांवर बसणार होते. जावई डायरेक्टर होते. बापटांचा चेहरा बदलला. आवाज मात्र चढला नाही. "पुढे उजेड कमी पडला तर मी काय उत्तर देऊ?"

खुर्च्या जवळ घेऊ, एक दिवा कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला उंचावर बांधू, मधल्या चौघांना पुरेल, असं मी सांगितलं. कडेच्या माणसावर थोडी सावली पडेल, हेही सांगितलं. पहिला फोटो शेठनी परत का पाठवला ते मी बोलून दाखवलं नाही. बहुधा त्यांनाच आठवलं. ते वळून ऑफिसात गेले. आम्ही ते होकार समजून कामाला लागलो.

दीड वाजता लीलारामने चाचणी घेतली. चाचणीला खरे बल्ब लावत नाहीत. होल्डरमध्ये मोटारीचे साधे लाल-दिव्याचे बल्ब लावायचे. सगळे मंद पेटले तर माळ चांगली. त्याने बॅटरी जोडली. एकही पेटला नाही.

माणसं आपापल्या लेथशी येऊन उभी राहायला लागली होती. लीलाराम एका टोकाने, मी दुसऱ्या टोकाने प्रत्येक जोड चाचपत निघालो. माझ्या कपाळावरून घाम वायरवर पडत होता. चौथ्या खांबाशी लीलारामला सापडलं. ओल्या जमिनीवर कुणीतरी बादली सरकवताना तिच्या कडेखाली वायर आली होती आणि आतली तार तुटली होती. त्याने दातांनी रबर सोललं, जोड बांधला, वर पट्टी गुंडाळली. पुन्हा बॅटरी जोडली. आठही दिवे मंद लाल पेटले. शेडच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत आठ निखारे. कामगारांत हसू पसरलं.

मग लीलारामने बॅटरीची क्लिप काढून स्वतःच्या खिशात ठेवली. बल्ब बदलून होईपर्यंत दुसऱ्या कुणी चुकून जोडू नये म्हणून. आम्ही आठ खरे बल्ब बसवले. जाळ्या परत लावल्या. साळवी फेरी मारून आले आणि शेवटच्या खांबाशी, वाळूच्या बादलीजवळ उभे राहिले. फोटोत त्यांची जागा खरं तर पुढे होती, ऑफिसरांच्या मागे. मी हाक मारली तर त्यांनी हातानेच नको म्हटलं.

जावई आले, बसले. बापट उजव्या कडेच्या खुर्चीवर बसले. मी सगळ्यांना मोठ्याने सांगितलं की मी एक-दोन म्हणेन, तीन म्हणणार नाही, दोननंतर उजेड पडेल, तोवर कुणी हलायचं नाही. लेन्स उघडली. एक. दोन. लीलारामने क्लिप टेकवली.

तो उजेड मला नीट सांगता येत नाही. शेडचे कोपरे, तुळया, पट्टे, सगळं एकदम दिसलं आणि गेलं. मी लेन्स बंद केली. डोळ्यांपुढे हिरवे गोळे नाचत होते. जळलेल्या लाखेचा वास आला. मग मागून साळवींचा आवाज आला, "सगळं ठीक."

आठही पेटले का, हे मला कळलं नव्हतं. इतक्या उजेडात एखादा राहिला तरी समजत नाही. मी खांब-खांब चालत गेलो. जळलेला बल्ब पांढरा पडतो, वरचा थर फोडासारखा उठतो. एक, दोन, तीन, सगळे पांढरे होते. शेवटचा पॅकिंगच्या कोपऱ्यातला. तोही पांढरा.

प्लेट मी त्याच दुपारी बराकीत येऊन धुतली. डेव्हलपरमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चेहरे उमटत गेले. मी ती फिक्सरमध्ये टाकून खाली स्टुलावर बसलो.

एन्लार्जमेंट मुंबईत करून घेतली. मागचे चेहरे हरभऱ्याच्या डाळीएवढे आले होते, पण ओळखू येत होते. पुढच्या खुर्च्यांवर मधले चौघे चांगले आले. उजव्या कडेला बापट साहेबांचा अर्धा चेहरा सावलीत होता. त्यांनी फोटो पाहिला, स्वतःवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा मीच का?" मी हो म्हणालो. मग ते तो फोटो घेऊन स्वतः इस्पितळात गेले.

परत आल्यावर त्यांनी मला बोलावून सांगितलं. शेठनी भिंग मागून घेतलं आणि पुढच्या खुर्च्या सोडून मागून सुरुवात केली. एकेकाचं नाव घेत पुढे आले. सहाव्या लेथवर दुसरा कुणी का उभा आहे, असं विचारलं. तिथला जुना माणूस गावी गेला होता. त्याला पत्र टाकून परत बोलवा, म्हणाले. पुढे दीड महिन्यांनी शेठ वारले. फोटो त्यांच्या पलंगासमोर होता, असं बापट म्हणाले.

मी त्या निगेटिव्हमधला पॅकिंगचा कोपरा वेगळा मोठा करून घेतला. सहा बायका आणि कडेला, बादलीजवळ, साळवी. एक प्रत भागीरथीबाईंना दिली. त्यांनी स्वतःला लगेच ओळखलं. शेजारच्या शेवंतीने डोळे मिटलेत, याचं त्यांना जास्त हसू आलं. प्रत शहापूरला गेली.

तो गुलाबी ठिपक्याचा बल्ब बरेच दिवस रुमालात पडून होता. मनात शंका राहू नये म्हणून एकदा तो मोकळ्या जागेत, पालथ्या बादलीखाली ठेवून पेटवला. व्यवस्थित पेटला. फुटला नाही. मी साळवींना भेटून हे सांगितलं.

ते म्हणाले, "बरं झालं. पण तेव्हा ते ठाऊक नव्हतं."

त्यानंतर मी पुष्कळ मोठ्या जागा उजळल्या. लग्नाचे हॉल, शाळांची गॅदरिंग, कारखान्यांचे कार्यक्रम. बल्ब जाऊन इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आले, वायरी गेल्या. पण दिवे मांडायला मी शेवटच्या भिंतीपासून सुरुवात करतो आणि पुढचा दिवा सगळ्यांत शेवटी ठेवतो. पुढे उजेड कमी पडला तर पुढचे लोक लगेच सांगतात. तेवढी दुरुस्ती करायला वेळ असतो.